हाकेला ओ

आमच्या बरॅकीच्या मागे, पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवलेल्या फुटक्या टबात एक कोंबडी तीनेक आठवड्यांपासून ठाण मांडून बसलीय. दाण्याला येत नाही. हात जवळ नेला की पिसं फुलवून दुप्पट होते आणि घशातून असा काही आवाज काढते, की माझ्याकडे तिचं जुनं येणं बाकी असावं. धाकट्याने बोट पुढं केलं, टोचून घेतलं आणि आत येऊन जाहीर केलं, "आबा, कोंबडीला वेड लागलंय."

वेड नाही रे. खुडूक झालीय ती.

हा शब्द त्याने ऐकलेलाच नव्हता. उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये वाढलेलं पोर ते. ओव्हरलॉक मशीन कसं चालतं, जीन्सला रिव्हेट कुठं ठोकतात, हे त्याला विचारा, झोपेत सांगेल. कोंबडी त्याला माहीत ती नेताजी चौकाकडे जाताना दिसणारी, जाळीत दाटीवाटीने उभी असलेली पांढरी. ही तांबडी मात्र बदलापूरच्या बाजारातून आलेली गावठी बाई, स्वतःच्या मताची.

शेजारपाजार जमला. या बरॅकी मूळच्या लष्कराच्या, फाळणीनंतर निर्वासितांना मिळालेल्या. इथं एका घरात खोकलं तर चौथ्या घरातून 'पाणी पी' असं सांगतात. शेजारच्या सिंधी आजी म्हणाल्या, बादलीत गार पाण्यात पोटापर्यंत बुडवा, दोन दिवसांत ताळ्यावर येईल. समोरच्या वहिनींचं मत पडलं, जाळीच्या पिंजऱ्यात टांगून ठेवा, खाली गवत-बिवत काही नको. मला माझी आई आठवली. ती कोंबडीचंच एक पीस घेऊन तिच्या नाकातून आरपार घालायची. मला ते तेव्हाही बघवायचं नाही.

मी काहीच केलं नाही. बदलापूरहून कोंबडा असलेल्या घरची अकरा अंडी आणली आणि तिच्या पोटाखाली सरकवली. कोंबडी रवणाला बसली. आता एकवीस दिवस.

आणि त्या संध्याकाळी वीज गेली. मशीनं थांबली, गल्ली एकदम मुकी झाली, पोरं उंबऱ्यावर येऊन बसली. पस्तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलेल्या माणसाला याहून मोठा मोह कोणता?

"आबा, तिला कोण सांगतं की बस म्हणून?"

हाच तो प्रश्न. ऐका.

आपल्या गल्लीत दिवेलागणीला एखादी आई दारात उभी राहून "बाळ्याऽऽ" अशी हाक मारते. ती हाक साऱ्या बरॅकीत जाते. सिंधी आजींच्या कानावर पडते, भाजीवाल्याच्या पडते, ओट्यावर झोपलेल्या कुत्र्याच्याही पडते. पण मान वळते एकाच पोराची. शरीरातही असंच चालतं. एका कोपऱ्यातली ग्रंथी रक्तात एक द्रव्य सोडते. रक्त ते डोक्यापासून नखापर्यंत फिरवतं. सगळ्या पेशींच्या अंगावरून ते जातं, आणि ज्या पेशीपाशी त्या हाकेचा कान असेल तीच 'ओ' देते. हाकेला पुस्तकात संप्रेरक म्हणतात, हॉर्मोन. कानाला म्हणतात ग्राही. हा कान प्रथिनाचा असतो आणि तो कसा घडवायचा ते जनुकात लिहिलेलं असतं. लिहिण्यात एखादं अक्षर चुकलं की कान बहिरा होतो, नाहीतर जरा तिखट होतो.

माणसाचं लक्ष कायम हाक मारणाऱ्याकडे असतं. कोंबडीच्या बाबतीत निम्मी गंमत ओ देणाऱ्याकडे आहे.

ही हाक रक्तातूनच जाते, हे पहिल्यांदा दाखवून दिलं तेही कोंबड्यानेच. जर्मनीत गॉटिंगेन गावी बर्टहोल्ड नावाचे प्राध्यापक होते. १८४९ साली त्यांनी आपल्या प्रयोगाची हकिकत छापली. कोंबडे होते सहा, सगळे कोवळे. काहींचे वृषण काढून टाकले. ते खच्ची झाले: तुरा वाढेना, आरवणं जमेना, भांडायची खुमखुमी गेली. दुसऱ्या काहींचेही वृषण काढले, पण त्यांच्या पोटात आतड्यांमध्ये एक वृषण परत रोवून दिला. हे मात्र चांगले कोंबडे झाले, तुऱ्यासकट आणि आरवण्यासकट. नंतर पोट उघडून पाहिलं तर रोवलेल्या वृषणाला एकही जुनी नस जोडली गेलेली नव्हती, फक्त रक्तवाहिन्या फुटल्या होत्या. म्हणजे निरोप नसांच्या तारेतून गेला नव्हता, रक्तातून गेला होता. 'हॉर्मोन' हा शब्द यायला अजून छप्पन्न वर्षं होती. तो १९०५ साली इंग्लंडात स्टार्लिंग यांनी काढला.

तुरा म्हणजे तरी काय? ती हाक ऐकणाऱ्या कानांनी खच्चून भरलेलं कातडं. म्हणून पुढं रसायनशास्त्रज्ञांनी त्याची मोजपट्टीच केली: खच्ची कोंबड्याला द्रव्य द्यायचं आणि तुरा किती वाढतो ते मापायचं. १९३१ साली बुटेनांड्ट यांनी पुरुषी संप्रेरकांपैकी एक पहिल्यांदा शुद्ध रूपात वेगळं केलं. कशातून, विचारा.

"कशातून?"

बर्लिनच्या पोलिसांच्या लघवीतून. पंधरा हजार लिटर. हाती लागलं पंधरा मिलिग्रॅम.

इथं दहा मिनिटं गोष्ट थांबली. धाकटा हसून हसून पायरीवरून घसरला आणि पंधरा हजार लिटर म्हणजे पालिकेचे टँकर किती, यावर दोघांचं भांडण जुंपलं.

असो. आपली कोंबडी.

रोज एक अंडं घालता घालता टबात चार-पाच जमली. ती तिच्या पोटाला लागतात. पोटाच्या त्या जागेची पिसं आता गळलीत, कातडी उघडी पडलीय, ऊन ऊन लागते. अंड्याचा स्पर्श त्या कातडीतल्या नसा मेंदूला कळवतात. मेंदूच्या तळाशी एक द्रव्य सुटतं, त्याचं लघुनाव आहे व्हीआयपी. खरंच व्हीआयपी, मी पदरचं सांगत नाही. हे व्हीआयपी शेजारच्या पीयूषिका ग्रंथीला खडबडून जागं करतं, आणि पीयूषिका मोठ्ठी हाक मारते. त्या हाकेचं नाव प्रोलॅक्टिन. तुमच्या आईच्या अंगात दूध उतरलं ते याच हाकेने. कोंबडीला दूध नाही, पण हाक तीच. मेंदूतले कान ती ऐकतात आणि कोंबडी बसते. बीजांडकोशही आवरतं घेतो, अंडी बंद, तुरा फिका पडून लोंबतो. आणि बसलेल्या कोंबडीच्या पोटाला अंडी लागतच राहतात, म्हणून प्रोलॅक्टिन चढतच राहतं. गाडी स्वतःच स्वतःला ढकलते.

टर्कीच्या माद्यांमध्ये त्या उघड्या कातडीच्या नसा तोडून पाहिलं, तर अंडी पोटाखाली असूनही हाक नीट उठेना. कोंबड्यांना व्हीआयपीविरुद्ध लस टोचून पाहिली, तर त्या खुडूक होईनात. आता सिंधी आजींची बादली आठवा. गार पाण्यात पोट बुडवलं की कातडी निवते. वहिनींच्या जाळीत पोटाला लागायला अंडं नाही, घरटं नाही, खालून वारा. दोघींनीही पीयूषिकेचं नाव ऐकलेलं नाही, पण बोट बरोबर त्या बटणावर ठेवलं. आईच्या पिसाचं समर्थन मात्र मला अजून सापडलेलं नाही.

"मग दुकानातली अंडी देणारी कोंबडी खुडूक का होत नाही?" हा थोरलीचा प्रश्न. ती नववीत आहे, तिला चुकवून चालत नाही.

पांढरी लेगहॉर्न जवळजवळ कधीच खुडूक होत नाही. माणसाने पिढ्यानपिढ्या न बसणाऱ्याच निवडल्या, कारण बसलेली कोंबडी म्हणजे महिनाभर अंडी बंद. आता याचं कारण नेमकं कोणत्या जनुकात, यात मीही फसलो होतो. प्रोलॅक्टिनच्या कानाचं जनुक झेड नावाच्या गुणसूत्रावर आहे. संकरात खुडूकपणा त्याच गुणसूत्रावरून उतरतोसं जुन्या लोकांना वाटायचं. दोन्ही गोष्टी अशा नेटक्या जुळत होत्या, की मी वर्गात फळ्यावर ठामपणे लिहून टाकायचो: बहिरा कान! मग २००२ साली स्कॉटलंडच्या रॉस्लिन संस्थेतून, तीच डॉली मेंढीवाली, निकाल आला. त्यांनी लेगहॉर्न आणि बॅन्टम यांचे संकर करून मोजदाद केली. झेडवर असं कुठलंही मोठं जनुक सापडलं नाही. कारभार इतर गुणसूत्रांवरच्या एकाहून अधिक जनुकांचा. शिवाय लेगहॉर्नमध्ये खुद्द प्रोलॅक्टिनच्या जनुकासमोर, जिथं 'केव्हा आणि किती' ते ठरतं तिथं, चोवीस अक्षरांची एक जादा जोड सापडते आणि तिचा खुडूकपणाशी संबंध लावला जातो. म्हणजे इथं कानापेक्षा हाक मारणाऱ्याच्या तोंडावरच संशय. माझी मागच्या बाकावरची मुलं आता चाळिशीची झाली असतील. त्यांची मी इथं माफी मागून ठेवतो.

पण तो प्रोलॅक्टिनचा कान अगदीच निर्दोष नाही. गेल्या जत्रेत धाकट्याने गुलाबी पिल्लू आणलं होतं, आठवतं? हिरवी, गुलाबी, जांभळी पिल्लं पुठ्ठ्याच्या खोक्यात घेऊन माणसं बसतात. ती बहुतेक सगळी नर असतात. अंड्यांच्या जातीचा नर अंडी देत नाही आणि मांसही धड धरत नाही, म्हणून उबवणी केंद्रातून मातीमोल भावाने बाहेर पडतो आणि रंगात बुचकळला जातो. पण एका दिवसाच्या पिल्लात नर-मादी ओळखायची कशी? एक युक्ती पंखात आहे. काही वाणांत पंखाची मोठी पिसं उशिरा वाढतात. हा गुण झेड गुणसूत्रावर बसतो. २००८ साली त्या जागेची तपासणी झाली, तेव्हा दिसलं की तिथं प्रोलॅक्टिनच्या कानाच्या जनुकाचा एक तुकडा आणि त्याच्या शेजाऱ्याचा एक तुकडा दोनदा छापला गेलाय. मुद्रणदोष! आई उशिरा-पिसवाली आणि बाप लवकर-पिसवाला अशी जोडी लावली की मुली लवकर-पिसवाल्या निघतात, मुलगे उशिरा-पिसवाले. पंख पसरून पाहिला, खालची पिसं वरच्यांपेक्षा लांब दिसली तर मादी. क्षणाचं काम. आपल्या गुलाबी पिल्लाचं नशीब त्या छपाईच्या चुकीने ठरलेलं असू शकतं.

हे असं उलट का होतं, तेही ऐका, पुढं लागणार आहे. माणसात मुलगा ठरतो बापाकडून. कोंबड्यांत पारडं उलटं. कोंबड्याकडे दोन झेड, कोंबडीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. मुलीला आईकडून डब्ल्यू मिळतो, म्हणून तिच्याकडचा एकुलता एक झेड कायम बापाचा. आईच्या झेडवर काय लिहिलंय ते फक्त मुलग्यांना कळतं.

आता बुटकीची गोष्ट. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात हट नावाचे शास्त्रज्ञ होते. १९५९ साली त्यांनी बुटक्या कोंबड्यांवर सविस्तर लिहिलं. मादी नेहमीपेक्षा तीसेक टक्क्यांनी लहान, पण धडधाकट, अंडीही घालते. बुटकेपणा झेडवरून उतरतो. साहजिकच वाटलं, हिच्या अंगात वाढीचं संप्रेरक कमी असणार. रक्त तपासलं तर ते कमी नव्हतं, उलट चढलेलंच. पीयूषिका घसा फोडून हाक मारतेय, "वाढ गं, वाढ गं," आणि यकृतातले कान बहिरे. यकृताने ओ दिली की ते स्वतः एक दुसरी हाक पुढं पाठवतं, हाडांना आणि स्नायूंना. ती दुसरी हाक उठतच नव्हती. वाढीच्या संप्रेरकाच्या ग्राहीचं जनुक बिघडलेलं होतं, आणि ते जनुक बसतं झेडवर. माणसांतही हाच बिघाड असतो. इस्रायलचे डॉक्टर लारोन यांनी १९६६ साली अशा बुटक्या मुलांचं वर्णन केलं. त्यांना बाहेरून कितीही वाढीचं संप्रेरक टोचा, उंची वाढत नाही. बहिऱ्यापुढं लाऊडस्पीकर लावून काय होणार?

आणि माणसाचा व्यवहार बघा. ब्रॉयलरची पिल्लं देणारी आई बुटकी असेल तर खाणं कमी खाते, जागा कमी घेते. पण तिची पिल्लं बुटकी निघाली तर धंदा बुडाला. मग काय केलं? बाप थोराड घेतला. मुलींना झेड बापाचा, म्हणून मुली मोठ्या. मुलग्यांना एक आईचा खराब झेड आणि एक बापाचा चांगला. एक चांगला असला की भागतं, म्हणून मुलगेही मोठे. आई बुटकी, पोरं सगळी दांडगी! फ्रान्समधल्या पैदासकारांनी या हिशेबावर अख्खे वाण उभे केले. आपल्याकडे हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयातही बुटक्या जनुकाचा वाण सांभाळलेला आहे. मला विचाराल तर एवढी चोख बेरीज-वजाबाकी मी दुसऱ्या कुठल्या धंद्यात पाहिली नाही, आणि ती एका बहिऱ्या कानावर उभी आहे.

"म्हणजे ब्रॉयलरला इंजेक्शन मारतात ते खरं?" वहिनींनी दारातूनच विचारलं. त्या ऐकत होत्या तर.

नाही वहिनी. हे मला गल्लीत, लोकलमध्ये, अंबरनाथ स्टेशनच्या रिक्षाच्या रांगेत, सगळीकडे ऐकू येतं. चाळीस-बेचाळीस दिवसांत दोन किलोची कोंबडी म्हणजे नक्की हॉर्मोनचं इंजेक्शन! जरा हिशेब करा. वाढीचं संप्रेरक हे प्रथिन. दाण्यात मिसळलं तर पोटात डाळीसारखं पचून जाईल. टोचायचं तर हजारो पिल्लांना पुन्हा पुन्हा टोचत बसणार कोण, आणि कोंबडीच्या किमतीत ते परवडणार कुणाला? शिवाय धडधाकट पिल्लाला वरून जादा संप्रेरक देऊन पाहिलंय शास्त्रज्ञांनी, वाढीत म्हणावा असा फरक पडत नाही. हाक आधीच पुरेशी आहे. पिल्लं मोठी होतात ती निवडीमुळे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने एक देखणा प्रयोग केला. १९५७ सालचा वाण आणि १९७८ सालचा वाण, दोन्ही जपून ठेवलेले, आणि २००५ सालचा, असे तिन्ही एकाच दाण्यावर वाढवले. छप्पन्नाव्या दिवशी वजन भरलं अनुक्रमे ९०५ ग्रॅम, १८०८ ग्रॅम आणि ४२०२ ग्रॅम. दाणा तोच. फरक फक्त कोणत्या आईबापांची पिल्लं याचा. त्या वजनाने बिचाऱ्यांचे पाय आणि काळीज दमतं, ते दुःख खरं आहे. प्रतिजैविकांचा बेसुमार वापर ही भीतीही खरी आहे. इंजेक्शनची गोष्ट तेवढी खोटी. वहिनींना हे पटलं नाही. त्यांनी "बघू" म्हटलं आणि पदर खोचून आत गेल्या.

वीज आली. मशीनं सुरू झाली, ट्यूबलाइट लागली, आणि टबातल्या कोंबडीने डोळा मिटून परत उघडला. मला बरं झालं, कारण पुढची गोष्ट उजेडाचीच होती.

कोंबडीला उजेड डोळ्यांनीच कळतो असं नाही. कवटीतून आरपार कळतो. फ्रान्समध्ये बेन्वा यांनी १९३० च्या दशकात बदकांवर हे दाखवलं. डोळे नसलेल्या बदकांनाही लांब दिवस समजला आणि त्यांचा विणीचा हंगाम सुरू झाला. डोक्यावर काळी टोपी चढवली की समजेना. मेंदूच्या खोल भागात उजेड टिपणाऱ्या पेशी असतात. दिवस लांबला की पीयूषिकेच्या देठाजवळून एक हाक उठते, थायरॉइडला जागं करणारी. एरवी ही हाक खाली गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीकडे जाते. पण इथं ती उलट्या वाटेने वर मेंदूत शिरते, तिथल्या कानांना जाऊन भिडते, आणि ते कान विणीच्या यंत्राला चावी देतात. २००८ साली जपानच्या नागोया विद्यापीठात योशिमुरा यांच्या चमूने हे लावा पक्ष्यात उलगडलं. हाक एकच, पण गळ्यात तिचा अर्थ वेगळा आणि मेंदूत वेगळा. पुन्हा तेच: अर्थ ठरवतो कोण, तर ऐकणारा.

जंगलातली तांबडी रानकोंबडी, सगळ्या पाळीव कोंबड्यांची पणजी, ऋतू बघून विणीला लागते. वर्षाकाठी दहा-पंधरा अंडी घालते आणि थांबते. आजची लेअर कोंबडी तीनशेच्या वर घालते. पोल्ट्रीत तिला सोळा-सोळा तास दिवा असतो, ते कारण आहेच. पण तिच्या कानातही काही बदललंय. २०१० साली स्वीडनच्या उप्सालातल्या संशोधकांनी पाळीव कोंबड्यांचे जीनोम रानकोंबडीशी ताडून पाहिले. रानकोंबडीचा पूर्ण जीनोम २००४ मध्येच वाचून झाला होता, पक्ष्यांतला पहिला. पाळीव कोंबड्यांत एक जागा ठळक उठून दिसली: याच थायरॉइडच्या हाकेचा कान. ५५८ व्या जागी ग्लायसिनऐवजी आर्जिनिन. जगभरच्या बहुतेक सगळ्या पाळीव कोंबड्यांत हाच बदललेला कान. त्यानेच ऋतूचा लगाम सैल केला असावा, असं त्यांनी सुचवलं.

हा बदल कधी रुजला, ते जुन्या हाडांतून शोधलं. युरोपात उत्खननात निघालेल्या कोंबड्यांच्या हाडांतलं डीएनए वाचलं. २०१७ साली हिशेब लागला की तिथं हा कान झपाट्याने पसरला तो सुमारे हजार वर्षांपूर्वी. अंदाज असा की त्या काळात ख्रिस्ती मठांच्या उपवासाच्या नियमांत चार पायांच्या जनावराचं मांस वर्ज्य होतं, कोंबडी आणि अंडी चालायची. गावंही वाढत होती, दाटीत राहणारी आणि वर्षभर अंडी देणारी कोंबडी हवी होती. मजा बघा, आपल्याकडे श्रावण लागायच्या आधी गटारी साजरी करून कोंबडी सोडतात, आणि त्यांनी उपवास म्हणून कोंबडी धरली.

आपल्या सह्याद्रीचा यात काही वाटा आहे की नाही, असं थोरलीने विचारलं. आहे की. इथल्या डोंगरांत राहतो तो करडा रानकोंबडा, तांबड्याचा चुलतभाऊ. पाळीव कोंबड्यांचे पिवळे पाय त्याच्याकडून आले, हे २००८ मध्ये कळलं. पण तो हाकेचा मामला नाही, कात्रीचा आहे. पिवळं रंगद्रव्य कापणारं एक विकर कातडीत गप्प झालं, म्हणून पिवळा रंग साठतो. डार्विनने तांबड्या रानकोंबड्यालाच एकमेव पूर्वज मानलं होतं. एवढ्या एका गोष्टीपुरतं आपल्या डोंगरातल्या कोंबड्याने त्याला चूक ठरवलं.

शेवटची एक, मग झोपा. कडकनाथ.

मध्य प्रदेशात झाबुआ जिल्ह्यातला हा कोंबडा. २०१८ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पिसं काळी, कातडी काळी, मांस काळं, हाडाची सालसुद्धा काळी. हे कसं? गर्भात पाठीच्या कण्याजवळ रंगाच्या पेशी जन्मतात आणि कातडीकडे चालू लागतात. त्यांना वाढवणारी आणि चालवणारी एक हाक आहे, एंडोथेलिन-३. त्या पेशींच्या अंगावर तिचे कान असतात. कडकनाथच्या पूर्वजात कधीतरी या हाकेचं जनुक असलेला तुकडा दोनदा छापला गेला. हाक वाढली. पेशी बेसुमार वाढल्या, भरकटल्या आणि जिथं जायचं नाही तिथं, स्नायूंत आणि हाडांवर जाऊन बसल्या. चीनची रेशमी कोंबडी, इंडोनेशियाची काळीकुट्ट आयाम चेमानी आणि आपला कडकनाथ, तिघांतही छपाईची चूक तीच. कडकनाथची ती जागा भोपाळच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी बारकाईने वाचली. ही चूक एकदाच घडली आणि माणसांबरोबर देशोदेशी फिरली, असं दिसतं. त्याच्या मांसाने अमुक रोग बरा होतो आणि तमुक शक्ती येते, हे विकणाऱ्याचं बोलणं आहे. ते माझ्याकडून ऐकू नका.

पोरं झोपली. मी टॉर्च घेऊन मागे गेलो. कोंबडी चोचीने एक एक अंडं उलटवत होती, कडेचं मधे, मधलं कडेला.

हे मी लिहितोय तो विसावा दिवस. सकाळी टबाजवळ कान नेला तर दोन अंड्यांतून चिवचिव ऐकू आली आणि वरून कोंबडीने घशातल्या घशात 'कुक् कुक्' केलं. पिल्लं बाहेर आली की त्यांचा स्पर्श तिला आणखी काही आठवडे आई ठेवील, मग ती परत अंड्यावर येईल. अकरापैकी किती फुटतील ते उद्या-परवा कळेल. बघायला यायचं असेल तर रविवारी सकाळी या, दार उघडंच असतं. फक्त बोट पुढं करू नका. ती अजून टोचते.